माझगाव डॉकच्या कामगारांना कामचुकार म्हणण्याआधी हे वाचा

"माझगाव डॉकचे कामगार कामचुकार, म्हणून कोलकाता क्लास तिप्पट महाग पडली नि उशिरा आली, बाहेरून घेतली असती तर स्वस्तात आणि वेळेत मिळाली असती." हा मेसेज या आठवड्यात मला तिघांनी पाठवलाय. माझगाव डॉक म्हणजे मुंबईतली जहाजबांधणी गोदी, आणि कोलकाता क्लास म्हणजे तिथे नौदलासाठी बांधलेल्या 3 विनाशिका, म्हणजे मोठ्या युद्धनौका.

तिप्पट झाली हे खरंय. 3 विनाशिकांसाठी 2000 साली 3,580 कोटी मंजूर झाले होते, ते गेले 11,662 कोटींवर, आणि पहिली आयएनएस कोलकाता दाखल झाली थेट ऑगस्ट 2014 ला. पण कारण बघा ना. खास स्टील रशियाकडून यायचं होतं ते रखडलं. बांधणी चालू झाल्यावरही नौदल डिझाइन बदलत राहिलं, आणि नवीन सेन्सर किंवा नवीन शस्त्र आलं की नुसतं ते बसवून भागत नाही, केबल, पाइप, कंपार्टमेंट, वजनाचं गणित सगळं परत करावं लागतं. वर बराक-8 क्षेपणास्त्र इस्रायलसोबत अजून तयारच होत होतं, कोलकातावरून ते पहिल्यांदा डागलं डिसेंबर 2015 मध्ये, म्हणजे जहाज दाखल होऊन सव्वा वर्ष झाल्यावर! यात वेल्डरचा काय दोष?

आता त्याच गोदीतली नंतरची विनाशिका सुरत घ्या. कोलकाता मार्च 2006 ला पाण्यात उतरली तिथून दाखल व्हायला 8 वर्षं गेली, सुरतचं जलावतरण मे 2022 चं आणि डिसेंबर 2024 ला ती नौदलाच्या ताब्यात, फक्त 31 महिने. गोदी तीच. हलचं, म्हणजे जहाजाच्या मूळ सांगाड्याचं, डिझाइन बरंचसं कोलकाताचंच, आधी हात बसलेला, स्टील देशी, आणि मधल्या काळात 300 टन उचलणारी अवाढव्य गोलाएथ क्रेन आल्यामुळे मोठमोठे ब्लॉक जोडता यायला लागले. ही क्रेन आधीच यायला हवी होती, ते मान्य, पण तो निर्णय कामगाराच्या हातात नसतो.

आणि बाहेरून स्वस्तात? रशियाकडून घेतलेली विमानवाहू नौका विक्रमादित्य विसरलात का? 2004 चा करार, 97 कोटी डॉलरचा, 2008 ला मिळणार होती, मिळाली नोव्हेंबर 2013 मध्ये आणि किंमत झाली 235 कोटी डॉलर. अमेरिकेनेही कॉन्स्टेलेशन या फ्रिगेट युद्धनौकेचं डिझाइन पूर्ण व्हायच्या आधीच 2022 ला बांधायला घेतली आणि 2026 ची तारीख 2029 वर गेली, तिथे कुठे होते माझगावचे कामगार?