मान डोलावणारा कुत्रा आणि तुमची जुनी एसयूव्ही

सिग्नलला उभी राहिली की तुमची पंधरा वर्षांची डिझेल एसयूव्ही थरथरते का? आरशात मागच्या रिक्षावाल्याची तीन तीन तोंडं दिसतात? डॅशबोर्डवरचा तो मान डोलावणारा कुत्रा गाडी जागच्या जागी असताना 'हो हो, हो हो' करत सुटतो? मग अभिनंदन. असला योग नशिबात असावा लागतो. फक्त तो हजार-दोन हजारांत उरकून वाया घालवू नका म्हणजे झालं.

सगळ्यात आधी एक पथ्य. मीटरकडे अजिबात बघायचं नाही. आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा, काटा आठशेच्या आसपास ठाम उभा आहे की वर-खाली नाचतोय, हे बघण्यात अर्धं निदान होऊन जातं. काटा नाचत असेल तर इंजिनाच्या पोटात दुखतंय. काटा ठाम आणि सीट मात्र गदागदा हलतेय, तर इंजिन बिचारं नीट चाललंय, ते ज्यावर बसलंय त्याचं काहीतरी बिघडलंय. एवढं फुकटात कळल्यावर पुढे करणार काय? तेव्हा मीटरवर रुमाल टाका.

मेस्त्री प्रश्न विचारेल. थंड असताना थरथरते की गरम झाल्यावर? एसी लावला की वाढते का? रेस दिली की जाते का? या सगळ्याला एकच उत्तर ठेवा, 'सारखीच थरथरते हो.' सकाळच्या पहिल्या स्टार्टला पांढरा धूर, दोन मिनिटं धडधड आणि मग सगळं शांत, असं चुकून सांगून बसलात तर तो थेट थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग तपासायला घेईल. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, हेही आठवू नका. फिल्टरच्या बुडाशी साचलेलं पाणी काढायला एक स्क्रू असतो, तो कंपनीने शोभेसाठी दिलाय असं धरून चाला.

त्यापेक्षा साडूंना फोन लावा. प्रत्येक घरात गाडीतलं कळणारा एक साडू असतो, आणि त्याचं निदान फोनवरच होतं: 'नोझल गेले,' म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे. त्यात दम आहे असं वाटण्याइतपत गणितही असतं. चार सिलिंडरचं इंजिन आठशे आरपीएमला फिरतं तेव्हा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला चारशे वेळा पेटतो. त्यातला एक आळशी निघाला तर सेकंदाला सहा-सात धक्के बसतात आणि गाडी मिसिंग मारते. हे खरंच आहे. फक्त तुमच्या गाडीत एक सिलिंडर आळशी आहे की नाही, हे साडूंनी ठाण्यात बसून आणि तुमची गाडी पुण्यात असताना ओळखलं, याबद्दल त्यांचा सत्कार करायला हवा.

आता स्कॅनर. हा माझा आवडता भाग, म्हणून जरा निवांत सांगतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला ब्लूटूथचा डोंगल लावला, मोबाइल जोडला, की 'पी ०१०१' असा कोड येतो. तुम्ही तो गुगल करता, हवा मोजणाऱ्या सेन्सरचं नाव दिसतं, आणि तासाभरात तुम्ही नाना पेठेत नवा सेन्सर मागत उभे असता. उत्तम. असंच करायचं. कोड म्हणजे वर्गात जो रडतोय त्याचं नाव. मारलं कोणी ते त्यात लिहिलेलं नसतं. सेन्सर आणि इंजिन यांच्यामधला रबरी पाइप फाटला तरी रडतो सेन्सरच. शिवाय मागच्या सर्व्हिसला एअर फिल्टर काढताना पोऱ्याने सेन्सरचं सॉकेट काढून ठेवलं आणि गाडी चालू केली, तर त्याचीही नोंद आत पडून राहिलेली असू शकते. कोड पुसावा, दोन दिवस गाडी चालवावी, परत येतो का बघावं, ही कंजूष माणसांची पद्धत झाली. तुम्ही सेन्सर बदला. जुना डब्यात घालून ठेवा. पाहुण्यांना दाखवायला होतो.

सेन्सर बदलूनही कुत्रा 'हो हो' म्हणतच राहील. मग कार्बन, म्हणजे आत साचलेली काजळी. 'एक्स्प्रेसवेला एकदा पिदडून आणा, सगळा कार्बन उडतो,' असं सोसायटीतले काका सांगतील. जाऊन या. लोणावळ्याची चिक्की तेवढी पदरात पडेल. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, खरोखर काजळीने चिकटतो, पण तो उघडून साफ करण्यात एक दुपार जाते आणि हात तीन दिवस काळे राहतात. त्यापेक्षा लोक पत्रा मारून त्याची वाटच बंद करतात आणि मोकळे होतात. तो व्हॉल्व्ह नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला असतो, पण ती हवा तर मागचे लोक घेणार.

एवढं झाल्यावर नोझल. इथे एक धोका आहे, सावध राहा. एखादा म्हातारा मेस्त्री चारही नोझलच्या, जास्तीचं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न पाइपांना सलाइनच्या नळ्या जोडेल, नळ्यांची टोकं खोकल्याच्या औषधाच्या चार रिकाम्या बाटल्यांत सोडेल आणि बाटल्या तारेने बॉनेटच्या कडेला टांगेल. गाडी पाच मिनिटं आयडलला, म्हणजे रेस न देता चालू, ठेवेल आणि बिडी न पेटवता नुसता बघत बसेल. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो नोझल दोषी. चारही बाटल्यांत सारखंच बोटभर डिझेल आलं तर नोझल निर्दोष. तसं झालं तर साडूंना तोंड कसं दाखवणार? म्हणून बाटल्या टांगण्याआधीच म्हणा, 'चारी बदला.' बिल पाच आकडी येईल, थाट राहील. नव्या नोझलवर एक नंबर कोरलेला असतो, तो ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरात, भरावा लागतो; घाईत ते राहिलं तर थरथर वाढण्याचीही सोय होते.

(इथे चेष्टा बाजूला. जुन्या पंपाच्या गाड्यांत नोझलचा नट सैल करून 'कुठला सिलिंडर मरतोय' ते बघायचे. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे एकाच नळीतून चारही नोझलना दाबाखालचं डिझेल जातं, चालू इंजिनवर हे करू नका. आयडललाही आत अडीचशे-तीनशे बारचा दाब असतो; ती बारीक धार कातडी फोडून आत जाते.)

यातून सुटायचा शेवटचा मार्ग म्हणजे गाडी विकणे. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवा, आयडल थोडा चढवून घ्या, गाणी लावा. कुत्र्याच्या मानेखाली कागदाची बारीक घडी सारा, म्हणजे तो तोंड बंद ठेवेल. पंचवीस-तीस हजार कमी करून तिशीतल्या एखाद्या पोराच्या गळ्यात गाडी मारा, आणि हप्त्यावर नवी घ्या.

दोन महिन्यांनी नळस्टॉपच्या सिग्नलला तुमच्या शेजारी तुमचीच जुनी गाडी येऊन थांबेल. आवाज नाही, थरथर नाही. तो पोरगा काच खाली करून म्हणेल, 'काका, इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंटिंग फाटलं होतं हो. खाली वाकलो तर चेसिसवर त्यातलं काळं पाणी ओघळलेलं. तेवढं बदललं.'

तुम्ही त्याच्या डॅशबोर्डकडे बघाल. कुत्रा दगडासारखा बसलेला असेल. कागद अजून तिथेच आहे, असं म्हणून तुम्ही जरा हुशारलेले असाल. तेवढ्यात सिग्नल हिरवा पडेल, गाडी पुढे सरकेल, आणि कुत्रा मान डोलावेल.