इंजिनिअरिंगची पोरं, एक बादली आणि ग्रामसभा

अभियांत्रिकीच्या मुलांना ‘समाजपरिवर्तनाचं नेतृत्व’ शिकवणाऱ्या दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा आता पुरे झाल्या, असं माझं स्पष्ट मत आहे. एसी हॉल, भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या, ‘चौकटीबाहेर विचार करा’ म्हणणारे पाहुणे, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. मी सिव्हिलला शिकवतो, अशा कार्यशाळांचा समन्वयकही राहिलोय, त्यामुळे जेवणाच्या मेनूपासून फीडबॅक फॉर्मपर्यंत सगळं जवळून पाहिलंय. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला त्याच्याच गावातल्या पाणीयोजनेचं वीजबिल कोण भरतं, हे सांगता येत नाही.

दोष मुलांचा नाही. आपल्याकडे हे शिक्षण जन्मालाच वेगळ्या कामासाठी आलं. पुण्यात १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालं, आजचं सीओईपी, ते सरकारी बांधकामांवर हाताखालची माणसं हवी होती म्हणून. ठरवायचं साहेबानं, लेव्हल लावायची आपण. पुढे १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि इंजिनिअरिंग पुण्या-मुंबईबाहेर पसरलं. त्याचं मोल मी कमी लेखत नाही, माझ्यासारखे कितीतरी जण त्यामुळेच इथवर पोचले. पण बदलला तो फक्त साहेब. आधी पीडब्ल्यूडी होतं, मग कंपनी आली. प्रश्न दुसऱ्यानं घालायचा आणि आपण उत्तर काढून द्यायचं, ही सवय जशीच्या तशी राहिली.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रमात ‘कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट’ आलाय. त्याआधी एआयसीटीईचे, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचे, ॲक्टिव्हिटी पॉइंट होतेच. उन्नत भारत अभियान २०१४ पासून आहे, त्यात सहभागी संस्थेनं पाच गावं घ्यायची असतात. कल्पना वाईट नाहीत. आपण मात्र बस ठरवतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत झाडं लावतो, बॅनर धरून फोटो काढतो आणि तो नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फाइलला लावतो. पुढच्या वर्षी नवी बॅच, तेच गाव, आणि कधीकधी झाड लावायला तोच खड्डा.

मग करायचं काय? मला सुचतं ते अगदी रुक्ष आहे. मुलांच्या हाती एखादी चालू सार्वजनिक व्यवस्था द्या. नळयोजना, एसटीचा डेपो, सरकारी दवाखान्याची औषधं, काहीही. ती वर्षभर मोजायला लावा. आणि जे मोजलं ते, त्या व्यवस्थेवर जगणारी माणसं आणि ती चालवणारे अधिकारी, अशा दोघांसमोर उभं राहून मांडायला लावा.

नळयोजनेचंच सांगतो, कारण तो माझा विषय. जलजीवन मिशन २०१९ मध्ये आलं. घरटी नळ, माणशी रोज ५५ लिटर. हे मी फळ्यावर लिहितो, मुलं उतरवून घेतात, टाकी काढतात, पाइपचा व्यास काढतात, उत्तर बरोबर येतं. आता हेच गावात न्या. पाच माणसांचं घर धरा. पाणी एक दिवसाआड, तासभर. म्हणजे त्या तासात दोन दिवसांचं ५५० लिटर यायला हवं. मिनिटाला नऊ लिटरच्या थोडं वर. १५ लिटरची बादली साधारण शंभर सेकंदांत भरली पाहिजे. बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच, यापलीकडे उपकरण लागत नाही.

आमच्या मुलांनी एका गावात हे करून पाहिलं. टाकीजवळच्या घरात बादली ४० सेकंदांत भरली. शेवटच्या वस्तीत सहा मिनिटं लागली. हिशेब केला तर पहिल्या घराला माणशी रोज १३५ लिटर मिळत होतं आणि शेवटच्या घराला १५. आता १३५ हा आकडा सिव्हिलवाल्यांच्या ओळखीचा आहे, भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी आपण तोच धरतो. एकाच गावात, एकाच योजनेवर, एका घराला शहराइतकं पाणी आणि दुसऱ्याला टँकरच्या गावाइतकंही नाही. कागदावर मात्र दोन्ही घरांपुढे ‘नळजोडणी पूर्ण’.

खरं शिक्षण इथून सुरू झालं. मुलांचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं, ‘सर, पाइपचा व्यास वाढवायला पाहिजे.’ दुसऱ्या गटाला पंप मोठा हवा होता. कॉम्प्युटरच्या मुलांना विचारलं असतं तर टाकीत सेन्सर आणि सोबत ॲप मिळालं असतं. (टाकी कोरडी असल्याचं नोटिफिकेशन वेळेवर आलं असतं, हे मान्य.) मी म्हटलं, उत्तर राहू द्या, आधी चार घरं फिरून या. व्हॉल्व्ह कुणाच्या दारात आहे? तो फिरवणाऱ्या माणसाला पगार किती, आणि तो किती महिन्यांनी मिळतो? वरच्या आळीत किती घरांनी नळाला थेट मोटर लावलीय? पाणीपट्टी कोण भरतं, कोण भरत नाही? ग्रामपंचायतीनं वीजबिल शेवटचं कधी भरलं? एस्टिमेटमध्ये पाइप किती खोल लिहिलाय आणि गटारीसाठी रस्ता उकरला तेव्हा तो किती खोल सापडला?

यातला तांत्रिक प्रश्न कुठला आणि सामाजिक कुठला, सांगा बरं. थेट मोटर लावली की पुढचा दाब पडतो, हे फ्लुइड मेकॅनिक्स. ती मोटर काढा म्हणायची सरपंचाची हिंमत होत नाही, कारण ती चुलत्याची आहे, हे राजकारण. पट्टी थकली म्हणून बिल थकलं, बिल थकलं म्हणून कनेक्शन तोडलं, आणि पाणीच येत नाही तर पट्टी का भरू, हे अर्थकारण. शेवटच्या वस्तीत राहतं कोण आणि ती शेवटीच का वसली, हे विचारायला गेलात की जात समोर येते. विद्यापीठात या सगळ्याचे वेगवेगळे पेपर आहेत, काहींचे तर पेपरही नाहीत. गावात पाइप एकच.

योजनेच्या नियमांप्रमाणे गावाच्या पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात. यादीत त्या होत्या. त्यातल्या एका मावशींना आपण समितीवर आहोत हे आमच्या मुलीनं यादी वाचून दाखवली तेव्हा कळलं. त्या हसल्या, मग म्हणाल्या, ‘मग मला मीटिंगला बोलवत का नाहीत?’ याचं उत्तर त्या मुलीला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.

आणखी एक. आमच्या वर्गातली बरीच मुलं अशाच गावांतून येतात. मोजणीच्या नोंदी मांडताना एक जण सहज बोलून गेला की त्याची आजी अजून पहाटे चारला पाण्याला उठते. वॉटर सप्लायच्या तासाला हे बोलायची जागाच नसते. तिथे पाणी सुरू होतं ते ‘समजा लोकसंख्या क्ष आहे’ इथून. गावचा पोरगा इंजिनिअर होताना सगळ्यात आधी काय विसरायला शिकतो, तर गाव.

मग ग्रामसभा. स्लाइड्स तयार होत्या, पण लाइट गेली. (बरंच झालं.) मुलांनी शाळेच्या फळ्यावर दोनच आकडे लिहिले, १३५ आणि १५. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग एकदम सगळेच बोलायला लागले. वरच्या आळीतला एक जण म्हणाला, ‘कॉलेजची पोरं, ह्यांना काय कळतं.’ त्यावर शेवटच्या वस्तीतल्या बाई उठल्या. म्हणाल्या, ‘पाणी कमी येतं हे आम्हाला कवाचं ठावं हाय. तुम्ही ते कागदावर सही-शिक्क्यानं लिहून द्या.’

माझ्या मते इंजिनिअरिंग कॉलेजला गावात असलेलं काम त्या बाईंनी नेमकं सांगितलं. गावाला शहाणपण शिकवायचं काम आपलं नाही, ते लोकांकडे आहे. त्यांच्याकडे नाही तो मोजलेला, तपासलेला, साहेबाच्या टेबलावर ठेवता येईल असा कागद. तो कागद मराठीत हवा, ग्रामसेवकाला वाचता येईल असा. आपले प्रोजेक्ट रिपोर्ट इंग्रजीत, काळ्या बाइंडिंगमध्ये, सोनेरी अक्षरांत लायब्ररीच्या कपाटात झोपतात.

पुढे काय झालं म्हणाल तर थोडं झालं. पाण्याची पाळी उलटी केली, शेवटच्या वस्तीला आधी सोडायचं ठरलं. मोटरी निघाल्या नाहीत.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आयआयटी मुंबईत ‘सितारा’ हे ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे. मूळ संगणकशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी यांनी आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी ठाणे, पालघर, रायगडच्या गावांत जाऊन नळयोजना का बंद पडतात याचा असाच तपशिलात अभ्यास केला. उन्नत महाराष्ट्र अभियानामागे त्यांचाच विचार होता. जिल्ह्यातल्या कॉलेजांनी जिल्ह्यातलेच प्रश्न घ्यावेत, प्रशासनानं त्यांच्याकडून अभ्यास करून घ्यावा. इतकी साधी गोष्ट आपल्याला अजून नवी वाटते. आपल्या मुलांची इंडस्ट्रियल व्हिजिट भातसा धरणावर जाते, ती मुंबईला पाणी कसं जातं हे पाहते, फोटो काढून परत येते. त्याच शहापूर तालुक्यात, त्याच भातसा-तानसाच्या आसपास, दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात. तो टँकरही व्हिजिटमध्ये दाखवला पाहिजे. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय आणि इंजिनिअरिंग म्हणून ते काम अप्रतिमच आहे. पण त्या धरणातलं पाणी कुणाचं हे कुणी ठरवलं, हा प्रश्न तोंडी परीक्षेत कधी विचारला जात नाही.

विलासराव साळुंखे आठवतात का? पुण्यातले इंजिनिअर आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळानं हलले आणि पुरंदरच्या नायगावला जाऊन बसले. बंधारा, विहीर, उपसा ही तर कुणालाही जमणारी कामं. त्यांचं खरं डिझाइन पाणी पंचायतीच्या नियमांत होतं. पाणी जमिनीच्या हिशेबानं न देता घरातल्या माणसांच्या हिशेबानं द्यायचं, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी घालायचा. हे नियम एकदा नीट वाचा. प्रत्येक कलमामागे कुठेतरी फसलेली योजना दिसते आणि ती परत फसू नये म्हणून घातलेले नट-बोल्ट दिसतात. मी तर म्हणतो डिझाइनच्या पेपरला हे घालावं. सरकारनं हे तत्त्व राज्यभर कधी स्वीकारलं नाही, तेही शिकवावं, आणि का नाही स्वीकारलं तेही.

विश्वेश्वरय्यांचंही तसंच. दर १५ सप्टेंबरला आपण हार घालतो आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाज्यांची गोष्ट सांगतो. दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी आणलेली ब्लॉक पद्धत, म्हणजे कुठल्या पट्ट्याला पाणी, कुठल्या पिकाला किती, पाळी कशी, हे भाषणात कुणीच घेत नाही. दरवाजे फोटोत चांगले येतात.

‘प्लेसमेंटचं काय?’ हा प्रश्न येणारच. होऊ द्या की प्लेसमेंट. पण आमची निम्मी सिव्हिलची पोरं एमपीएससी आणि जिल्हा परिषदेच्या भरतीचा अभ्यास करत असतात. त्यातला एखादा पंचविशीत शाखा अभियंता होतो आणि त्याच्या सहीवर योजनांची बिलं निघायला लागतात. ठेकेदार समोर बसलाय, पाइप एक फूट खोल पडलाय, एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप-वहीत, तीन फूट लिहायचंय, वरून फोन आलाय. व्यवस्था बदलते किंवा बदलत नाही ती या टेबलावर. त्या क्षणासाठी चार वर्षांत आपण त्याला काय देतो? ‘युनिव्हर्सल ह्युमन व्हॅल्यूज’चा एक पेपर. त्यानं एकदा जरी त्या शेवटच्या वस्तीत बादलीपाशी सहा मिनिटं काढली असतील, तर तो सही करणार नाही, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आपण कशावर सही करतोय हे त्याला कळत असेल.

अडचणीही खऱ्या आहेत. प्राध्यापकाच्या बढतीत पेपर मोजला जातो, गावचा अहवाल शून्य. एका सेमिस्टरमध्ये पावसाळा दिसतो, उन्हाळा दिसत नाही, आणि पाणीयोजना बघायची तर मे महिन्यात, जेव्हा मुलं परीक्षेत असतात. बॅच बदलली की नोंदी हरवतात. आणि सगळ्यात मोठी अडचण, जी स्टाफरूममध्ये हळू आवाजात बोलली जाते : संस्थाचालक आणि योजनेचा ठेकेदार एकाच पॅनलचे निघाले तर? यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. सध्या आम्ही इतकंच पाळतो, की मुलांनी आरोप करायचा नाही, आकडा लिहायचा आणि तो कसा मोजला ते लिहायचं. आकड्यावर भांडायचं असेल तर समोरच्यानं बादली घेऊन यावं.

पुढच्या वर्षीपासून हा प्रोजेक्ट तिसऱ्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरला सलग ठेवायचा आणि बाहेरचा परीक्षक म्हणून जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठ्याचा उपअभियंता बोलवायचा, असा प्रस्ताव मी दिलाय. पहिली गोष्ट मान्य झाली. दुसरीला ‘परीक्षकाकडे अध्यापनाचा अनुभव हवा’ अशी हरकत आलीय. तुमच्याकडे कुणी असा परीक्षक नियमात बसवला असेल तर कसा बसवला, ते कमेंटमध्ये लिहा. जमलं तर ठरावाची प्रतही टाका.