रिसेट मारण्याआधी थांबा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात फोंडा, डिचोली, साखळीकडच्या ऑर्केस्ट्रावाल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरू लागतो. यंदा माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला. त्यात पाच सूचना आहेत. गिटारचा आवाज घडवणाऱ्या इफेक्ट प्रोसेसरचा आवाज बिघडला की सरळ फॅक्टरी रिसेट मारा, म्हणजे यंत्र कारखान्यातून आलं तसं कोरं करा. मग एखाद्या नामांकित गिटारवादकाचं प्रिसेट पॅक, म्हणजे तयार सेटिंगांचा संच, टाका, हुबेहूब तसाच आवाज येईल. घरी हेडफोनवर बसवलेला पॅच (म्हणजे प्रिसेटच) स्टेजवर अजिबात हलवू नका. मेमरीतल्या सगळ्या जागा भरून ठेवा. आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. खाली लिहिलंय, ‘सगळ्या गिटारवादकांना पाठवा.’

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण या सूचना पाळून पोरांचं नुकसान होताना मी पाहिलंय, म्हणून एकेक सूचना घेऊन लिहितो.

सगळ्यात घातक पहिलीच. माझ्याकडे शिकणाऱ्या डिचोलीच्या एका मुलाने गेल्या चवथीत ती पाळली. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तालमीत त्याचा आवाज तुटू लागला, मध्येच गायब होऊ लागला. त्याने रिसेट मारला. दोन वर्षं एकेक करून बसवलेले पॅच गेले. अभंगांसाठीचा स्वच्छ आवाज, जुन्या सिनेगीतांसाठीचा हलका थरथरता ट्रेमोलो, शेवटच्या नाचाच्या गाण्यांचा खरखरीत डिस्टॉर्शन, सगळंच. आवाज तरी तुटतच होता. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, ‘सर, सगळं पुसलं गेलं.’ दुसऱ्या दिवशी त्याची केबल उघडली तर जॅकच्या आतला सांधा हिरवा पडला होता आणि तार एका धाग्यावर लोंबत होती. आपल्या खाऱ्या दमट हवेत हे नेहमीचं आहे.

प्रिसेट म्हणजे काय हे एकदा नीट समजलं की हा घोळ होत नाही. प्रिसेटमध्ये आवाज साठवलेला नसतो, आकडे साठवलेले असतात: कोणते इफेक्ट, कोणत्या क्रमाने, गेन (सिग्नलचा जोर) किती, डीलेची (प्रतिध्वनीची) वेळ किती. हे आकडे दमट हवेने गंजत नाहीत की वापरून झिजत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच रॅक यंत्रांत मेमरी जिवंत ठेवायला बटणाएवढा लिथियम सेल असायचा. तो संपला की पॅच उडायचे. ‘पॅच आपोआप बिघडतात’ ही समजूत बहुधा तिथूनच आली. आजच्या प्रोसेसरांत फ्लॅश मेमरी असते, ती वीज नसतानाही टिकते. म्हणून काल नीट वाजणारा पॅच आज वाईट वाजत असेल, तर आधी संशय त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गोष्टींवर घ्यायचा.

त्यासाठी दहा मिनिटं पुरतात. प्रोसेसर बाजूला ठेवून गिटार त्याच केबलने थेट अँपमध्ये लावा. तिथेही आवाज तुटत असेल तर दोष गिटारीत किंवा केबलमध्ये आहे. नसेल तर प्रोसेसर जोडून आधी ट्यूनर चालू करा. ट्यूनर सूर नीट दाखवत असेल तर गिटार, केबल आणि आत जाणारा जॅक तिन्ही ठीक. मग हेडफोन लावा. हेडफोनमध्ये आवाज नीट असेल तर गडबड बाहेर जाणाऱ्या वायरीत, डीआय बॉक्समध्ये (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) किंवा मिक्सरवर. हेडफोनमध्येही वाईट असेल तर दुसरा पॅच लावून बघा. एकच पॅच वाईट असेल तर त्याचे आकडे तपासा. सगळेच वाईट असतील तर ग्लोबल सेटिंग, म्हणजे सगळ्या पॅचना लागू होणारं सेटिंग, किंवा अ‍ॅडाप्टर बघा.

अ‍ॅडाप्टरकडे लोक बघतच नाहीत. प्लग बसला म्हणजे चालला, असं धरतात. साध्या पेडलच्या अ‍ॅडाप्टरवर बहुतेक वेळा ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असतं. लाइन सिक्स कंपनीच्या एचएक्स स्टॉम्प या प्रोसेसरलाही ९ व्होल्टच लागतात, पण त्याचा अ‍ॅडाप्टर ३ अँपिअरचा असतो. म्हणजे क्षमतेत सहापट फरक. मित्राचा छोटा अ‍ॅडाप्टर लावल्यावर यंत्र मध्येच बंद होऊन परत सुरू होतं, तेव्हा ते बिघडलेलं नसतं, उपाशी असतं. व्होल्ट, अँपिअर आणि मधली पिन ऋण की धन, या तीन गोष्टी अ‍ॅडाप्टरवर छापलेल्याच असतात.

‘पॅच बिघडला’ म्हणून माझ्याकडे आणखी तीन तक्रारी येतात. एक, आवाजच येत नाही. त्या पॅचमध्ये पायाचं पेडल व्हॉल्यूमला जोडलेलं असतं आणि ते टाचेकडे दाबलेलं असतं. पुढे सरकवा, आवाज येतो. अर्ध्यातच अडकत असेल तर पेडलचं कॅलिब्रेशन करा, तो पर्याय मेन्यूत असतो. दोन, आवाज आपोआप बदलला. बॅगेत घालताना किंवा चपलेने एखादा नॉब फिरलेला असतो. दुसऱ्या पॅचवर जाऊन परत या. बहुतेक यंत्रांत सेव्ह न केलेला बदल तिथेच निघून जातो. बॉस कंपनीच्या एमई-८० मध्ये मॅन्युअल आणि मेमरी असे दोन मोड आहेत. मॅन्युअलमध्ये नॉब जिथे आहेत तसा आवाज येतो, साठवलेला पॅच वाजतच नाही. मोड बदलला की ‘गेलेले’ पॅच जागच्या जागी दिसतात. तीन, गुणगुण वाढली. मंडपात रोषणाई लागली की सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे गिटारीतले तारांची कंपनं पकडणारे भाग, ती गुणगुण पकडतात. गिटार धरून जागच्या जागी गोल फिरा. वळण्याबरोबर गुणगुण कमी-जास्त होत असेल तर त्यात पॅचचा काहीही दोष नाही.

रिसेट हवाच कधी? मेन्यू गोठला, कोणतंच बटण ऐकत नाही, अपडेट अर्धवट राहिलं, अशा वेळी. तेव्हाही अनेक प्रोसेसरांत फक्त ग्लोबल सेटिंग पूर्ववत करायची वेगळी सोय असते. मॅन्युअल वाचून ती शोधा, पॅचना हात लावू नका.

आता दुसरी सूचना, नामांकितांच्या पॅकची. पॅकवर माझा राग नाही. दुसऱ्याने इफेक्टची साखळी कशी रचली हे त्यातून शिकता येतं. पण ‘हुबेहूब’ हा शब्द खोटा आहे. त्याच्या गिटारीत हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) असेल आणि तुमच्यात सिंगल कॉइल, तर तुमचा सिग्नल मुळातच हलका. डिस्टॉर्शनचा ब्लॉक आत येणाऱ्या सिग्नलच्या जोरावर वागणं बदलतो, त्यामुळे तोच आकडा तिथे भरदार वाजतो आणि इथे किरटा. पॅच उतरवला की आधी गेन आपल्या पिकअपप्रमाणे लावून घ्या, मग त्याच्याबद्दल मत बनवा.

आणखी एक गोष्ट, जी पॅक विकणारे ठळकपणे सांगत नाहीत. पॅचमध्ये बाहेरून आणलेला आयआर वापरला असेल, म्हणजे स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाचा मोजून घेतलेला ठसा, तर ती फाइल बहुतेक यंत्रांत पॅचच्या आत नसते. पॅच फक्त तिच्याकडे बोट दाखवतो. ती जागा तुमच्याकडे रिकामी असेल तर कॅबिनेटशिवायचा कर्कश, माशी घोंघावल्यासारखा आवाज येतो आणि पोरगा म्हणतो पॅक फसवं निघालं. आधी आयआर भरा. झूम कंपनीच्या यंत्राची फाइल बॉसमध्ये चालत नाही, हे तर उघड आहे. पण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती चालेलच असं नाही, आणि नव्या फर्मवेअरवर बनवलेला पॅच जुन्या फर्मवेअरवर अडू शकतो.

तिसऱ्या सूचनेवर मला जास्त बोलायचं आहे, कारण स्टेजवरचे बहुतेक वाईट आवाज तिच्यातून येतात. बेल लॅब्जमध्ये हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आपला कान सगळ्या आवाजांना सारखं ऐकत नाही. आवाज हळू असला की खर्जातले सूर कानाला फारच कमी लागतात. मोठा झाला की तेच सूर भरून येतात. घरी रात्री आईला त्रास नको म्हणून हळू आवाजात पॅच बसवताना तुम्ही नकळत बेस चढवता, वर थोडी चमकही चढवता. तोच पॅच देवळाच्या प्रांगणात मोठ्या स्पीकरवर गेला की खाली गडगडाट आणि वर टोचणी. बेस गिटार, ढोलक आणि तुमचा पॅच तिघे एकाच जागेसाठी भांडतात. साउंडवाला तुमचा फेडर खाली ओढतो. त्याचं चुकत नाही.

यावर माझी पद्धत अशी. गिटारीची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. म्हणून कॅबिनेटच्या ब्लॉकमध्ये लो कट (त्याखालचा खर्ज कापणारा) ८० ते १०० हर्ट्झला आणि हाय कट (त्यावरची टोचणी कापणारा) ६ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान ठेवून सुरुवात करायची. एकट्याने ऐकताना हा आवाज पातळ वाटतो. वाद्यमेळात तो आपल्या जागी बसतो. शक्य असेल तर तालमीच्या खोलीत, ढोलकीच्या आवाजाबरोबर, एकदा तरी मोठ्याने वाजवून पॅच पक्का करा. सोलोच्या पॅचला गेन वाढवू नका. गेनने आवाज दाबला जातो, पुढे येत नाही. शेवटची आउटपुट पातळी ३ डेसिबलने वाढवा.

शिवाय तुमचा आवाज कुठे जातोय हे बघावं लागतं. मिक्सरमध्ये थेट जात असाल तर कॅबिनेटची नक्कल चालू हवी. गिटार अँपमध्ये जात असाल तर ती बंद हवी, नाहीतर कॅबिनेटवर कॅबिनेट बसून आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा येतो. मंडपात बहुधा एकच वायर मिळते. ती ‘एल मोनो’ लिहिलेल्या जॅकमध्ये लावा. घरी हेडफोनमध्ये डावीकडून उजवीकडे उड्या मारणारा डीलेचा पॅच चुकीच्या एका जॅकमधून काढला तर अर्धे ठोके ऐकूच येत नाहीत. हे सगळं स्टेजवर गेल्यावरच ठरतं, आणि संदेश सांगतो हलवू नका! हलवा. पण ग्लोबल इक्यू (सगळ्या पॅचचा खर्ज आणि चमक एकदम कमी-जास्त करणारी सोय) असेल तर त्या दिवसापुरतं त्यावरच काम भागवा, म्हणजे जागा बदलली तरी तुमचे पॅच शाबूत राहतात.

जागा भरून ठेवायची चौथी सूचना फार वेळ घेण्यासारखी नाही. झूमच्या जी-वन फोरमध्ये ५० जागा आहेत, बॉसच्या जीटी-वनमध्ये वापरणाऱ्यासाठी ९९, एचएक्स स्टॉम्पमध्ये १२६. एका कार्यक्रमात मला आठ लागतात. वाजवायच्या क्रमाने, शेजारी शेजारी, नावाच्या सुरुवातीला आकडा घालून. पॅच बदलताना अनेक यंत्रांत क्षणभर आवाज तुटतो आणि डीलेची शेपटी कापली जाते, त्यामुळे एका गाण्यात तीनदा पॅच बदलण्यापेक्षा एकाच पॅचमध्ये इफेक्ट पायाने चालू-बंद करणं बरं.

पाचव्या सूचनेचा अर्धा भाग खरा आहे. अपडेटने दोष दुरुस्त होतात, नवे इफेक्ट येतात, ती जरूर करावीत. पण कार्यक्रमाच्या सकाळी नाही. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर यंत्र सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. काही प्रोसेसर अपडेटनंतर सगळे पॅच नव्याने बांधून घेतात, त्यात आवाज थोडा सरकू शकतो आणि तो ऐकून नीट करायला वेळ लागतो. अपडेट करायचं तर कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात, बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवरून, यूएसबी हब न वापरता, आणि आधी बॅकअप घेऊन.

बॅकअपबद्दल त्या संदेशात एक शब्द नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपलं. बॉसचं टोन स्टुडिओ, लाइन सिक्सचं एचएक्स एडिट, झूमचं गिटार लॅब, तिन्ही फुकट मिळतात. केबल जोडून पॅच संगणकावर घ्यायला चहा गार होण्याएवढाही वेळ लागत नाही. त्या डिचोलीच्या मुलाकडे ही एक फाइल असती तर ती रात्र झोपेत गेली असती.

मी त्याच्या जोडीला कागदही ठेवतो. मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ रचणारे सेबास्टियन डिसोझा, अशा गोमंतकीयांना मुंबईच्या सिनेसंगीतात मान मिळाला तो सूर कागदावर लिहिता-वाचता येत होता म्हणूनही. चर्चच्या शाळांतून आलेली ती सवय आपल्या मातीतली आहे, ती प्रोसेसरच्या आकड्यांनाही लागू पडते. गाण्याचं नाव, अँपचं मॉडेल, गेन, डीले मिलिसेकंदांत, रिव्हर्बचं प्रमाण, आउटपुट पातळी: एका पॅचला एक ओळ. दुसऱ्याचं यंत्र उसनं घ्यावं लागलं तरी त्या ओळीवरून अर्ध्या तासात जवळपासचा आवाज उभा करता येतो.

त्या मुलाचे आठ पॅच आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी असेच, त्याच्या आठवणीतून आणि मोबाइलवरच्या तालमीच्या रेकॉर्डिंगवरून परत बसवले. पाच जमले. तीन त्याने अजून मनासारखे झाले नाहीत म्हणून सोडून दिलेत. आता त्याच्या गिटारच्या बॅगेत एक नवी केबल असते, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद.