कागदावरचा एक किलोमीटर

कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभाराव्यात, यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने प्रस्ताव मागवले, तेव्हापासून हा विषय पुन्हा पुन्हा चर्चेत येतो. आमच्या खाडीकाठच्या वाडीने तो आधीच भोगला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय जाहीर झाला. आमच्या शाळेचा पट तेव्हा नऊ होता. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष मीच होतो, त्यामुळे शाळा बंद होणार हे कळवणारा कागद माझ्याच हातात आला. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. आमचे मत मात्र कुणी विचारले नाही, फक्त पोच म्हणून सही मागितली. ती मी केली, याची टोचणी आजही आहे.

नऊ मुले आणि चार इयत्ता सांभाळणारे एकच गुरुजी ही काही आदर्श शाळा नव्हे, हे मला मान्य आहे. तिसरीत एकच मुलगी होती. तिला कवायतीला जोडीदार नव्हता आणि पाढे म्हणायलाही कुणी सोबत नव्हते. मोठ्या शाळेत तिला मैत्रिणी मिळाल्या, ही गोष्ट मी नाकारत नाही. मात्र साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हे त्याच कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. आम्हाला दुसरा शिक्षक द्यायचा राहिला, तेव्हा कुणाला कायदा आठवला नाही.

प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे आणि नवी शाळा त्यात बसते असे कागद म्हणत होता. हे अंतर मोजले गेले ते मे महिन्यात, भाताच्या शेतांच्या बांधावरून. जूनमध्ये लावणी सुरू झाली की त्या बांधांवरून मोठी माणसेसुद्धा तोल सांभाळत जातात, आणि पुढचा पऱ्या भरून वाहू लागला की साकवापर्यंत पाणी येते. मग घाटी चढून डांबरी रस्त्याने वळसा घ्यायचा, तो अडीच किलोमीटरांचा. पहिल्या पावसाळ्यात पहिलीतल्या मुलाची आजी त्याला पाठुंगळी घेऊन साकव ओलांडायची, पलीकडे उतरवून त्याची चड्डी पिळायची, दप्तराला बांधलेले प्लास्टिक सारखे करायची आणि मुले दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहायची. वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, पण त्या पैशांत रिक्षावाला घाटीखाली उतरायला तयार होईना.

यात सर्वांत कमी बोलले जाते ते बायांबद्दल. आमच्याकडे नवरा मुंबईला आणि बायको गावी घर, गुरे, सासूसासरे सांभाळणारी, अशी कितीतरी घरे आहेत. मूल चौथीपर्यंत डोळ्यांसमोर शिकते, एवढ्या आधारावर ती बाई गावात राहते. शाळा गेली आणि दोन वर्षांत तीन घरांतल्या सुना मुलांना घेऊन नालासोपाऱ्याकडे गेल्या. आता त्या घरांना गणपतीत आणि शिमग्यात तेवढी जाग येते. पट घटतो म्हणून शाळा बंद केली असे सांगितले जाते. आम्ही मात्र शाळा बंद होणार अशी कुजबुज सुरू झाल्यावर पट घटताना पाहिला, कारण बंद पडणाऱ्या शाळेत पहिलीचे नाव कोण घालणार? खिचडी शिजवणाऱ्या मावशींचे मानधन गेले ते वेगळेच.

ज्या शाळेत आमची मुले गेली तिथेही सारे सुरळीत झाले नाही. तिथल्या पालकांना आमची मुले पाहुणी वाटत, आणि नव्या समितीत आमच्या वाडीचा एकही पालक पहिली दोन वर्षे नव्हता. आमचे गुरुजी अतिरिक्त ठरून दुसऱ्या तालुक्यात गेले. मुलांना ओळखीचे माणूस म्हणून तेवढे एकच होते. त्यांना एक वर्ष तरी सोबत ठेवता आले असते.

इमारत अजून उभी आहे. एप्रिल २०१९ मध्ये लोकसभेच्या मतदानासाठी तिचे कुलूप उघडले, जाळी-जळमटे काढली आणि दारापुढे मांडव घातला. वाडीतल्या वृद्ध मतदारांना लांब चालावे लागू नये म्हणून केंद्र इथेच ठेवले आहे, असे तिथल्या कर्मचाऱ्याने मला सांगितले.