दहा डेसिबल म्हणजे थोडेथोडके नव्हेत
'१९६० च्या दशकापासून समुद्रातला आवाज दहाएक डेसिबलने वाढला' एवढ्यावरच समुद्रातल्या गोंगाटावरच्या लेखात उरकलंय. अहो, डेसिबल हे आवाज मोजायचं एकक, आणि त्याची मोजपट्टी सरळ नसते. दहाने वाढ म्हणजे तीव्रता दहापट! कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटापाशी १९६४-६६ आणि २००३-०४ च्या नोंदी ताडल्या, तेव्हा ३० ते ५० हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खर्जातल्या, पट्ट्यात १० ते १२ डेसिबलची वाढ निघाली. मुख्य कारण जहाजं. प्रोपेलरपाशी बुडबुडे होऊन फुटतात, त्याचीच ही घरघर. (कोळंबीच्या काही जातीही चटचट करतात म्हणा, पण बऱ्याच वरच्या पट्टीत.) सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजं रोडावली, आवाज ६ डेसिबलने उतरला आणि तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकंही कमी सापडली. हे लेखात यायलाच हवं होतं.