आज कोणाचं काय आहे?

सकाळी सातला माझ्या तोंडावर दाढीचा फेस असतो आणि बाथरूमच्या दाराबाहेर आप्पा उभे असतात. "जावईबापू, आज काय आहे?"

सुरुवातीला मी "मंगळवार" म्हणायचो. एकदा घाबरून "संकष्टी?" असंही म्हणून पाहिलं. आप्पांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं, की मुलीला हा एवढाच मिळाला होता का! मग ते सांगत, "पंचमचा, म्हणजे आर. डी. बर्मनचा वाढदिवस. २७ जून १९३९." की दिवसभर घरात पंचम. कुकरच्या शिट्टीलासुद्धा ठेका.

आप्पा म्हणजे माझे सासरे. गिरगावातली त्यांची चाळ पुनर्विकासाला गेल्यापासून ते आमच्याकडे कांदिवलीला आहेत. बिल्डर दोन वर्षं म्हणाला होता, हे पाचवं. येताना त्यांनी फार सामान आणलं नाही. एक बाजाची पेटी, एक ट्रंक आणि डोक्यात मावतील तेवढ्या तारखा. दर १ जानेवारीला त्या नव्या कालनिर्णयवर उतरतात. जयंती लाल शाईत, पुण्यतिथी निळ्या. त्याच चौकोनांत बायको दुधाचा हिशेब लिहिते. त्यामुळे ४ जानेवारीला आमच्याकडे 'पंचम गेला, दीड लिटर जादा' असं वाचायला मिळतं, आणि १३ ऑक्टोबरला 'किशोर, सिलिंडर संपला'.

त्यात गेल्या वर्षी चिरंजीवांनी भर घातली. ३० जानेवारीच्या चौकोनात त्यानं हिरव्या पेनानं एकच शब्द लिहिला, 'गच्ची'. आप्पांना वाटलं, वॉटरप्रूफिंगची मीटिंग. ते पाच वाजता इस्त्रीचा सदरा घालून वर जाऊन बसले. तासाभरानं सेक्रेटरीला फोन केला, तेव्हा तो बिचारा जिन्यावरून धावत आला. मग उलगडा झाला, की १९६९ साली याच तारखेला बीटल्स लंडनमध्ये स्वतःच्या ऑफिसच्या गच्चीवर वाजवायला उभे राहिले होते. बेचाळीस मिनिटं वाजवलं, आवाजाच्या तक्रारी गेल्या, पोलीस आले.

"परवानगी घेतली नव्हती?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग बेचाळीस मिनिटं फारच झाली. आपल्या सेक्रेटरीनं दहाव्या मिनिटाला मेन स्विच काढला असता." सेक्रेटरीनं धापा टाकत मान डोलावली.

तरी बाकीचं वर्ष निभतं. खरी कसोटी २२ जुलै ते ४ ऑगस्ट. २२ला मुकेशची जयंती, २५ला बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, २९ला बाबूजींची पुण्यतिथी, ३१ला रफीसाहेब, ४ला किशोर. चौदा दिवसांत पाच प्रसंग! एवढी गर्दी लग्नाच्या मोसमात नसते, आणि तिथे निदान जेवण मिळतं. यातल्या ३१ जुलैला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कराओकेवर 'स्वरांजली' असते. जबाबदारी माझी. "जावईबापू, तुम्ही फक्त बटण दाबायचं."

फक्त बटण! ट्रॅक येतो मूळ पट्टीत, आणि रफीच्या पट्टीत गाणारा माणूस आमच्या सोसायटीत नाही. मला वाटतं, बोरिवली ते अंधेरी या टापूतही नसावा. त्यामुळे प्रत्येक गायक माईक हातात घेण्याआधी माझ्या कानात पुटपुटतो, "दोन पट्ट्या खाली घे." बी विंगच्या काकांनी चार खाली घ्यायला लावल्या. त्यांचा अंतरा बरा लागला, पण मुखडा जो खाली गेला तो थेट पार्किंगमध्ये. समोरच्या पडद्यावर शब्द रोमन लिपीत, त्यामुळे 'गम' या शब्दाशी 'डिंक' की 'दुःख' हे प्रत्येकानं आपापल्या वयानुसार ठरवायचं.

एका अत्यंत करुण कडव्यात ब्लूटूथनं माझा फोन पकडला. दोन्ही स्पीकरमधून एक गोड आवाज घुमला, "सर, तुमच्या रूट कॅनलचं दुसरं सिटिंग उद्या साडेदहाला ठेवू ना?" मी बटण शोधतोय, काका डोळे मिटून पुढच्या ओळीची वाट बघतायत. मागच्या खुर्च्यांमधून वन्स मोअर आला.

नंतर चहा-बटाटेवडे आणि आठवणी. १९८० साली रफीसाहेबांच्या अंत्ययात्रेला तुफान पाऊस होता. तरी मुंबई रस्त्यावर उतरली होती. आमच्या हॉलमधला प्रत्येक जण त्या पावसात भिजलेला आहे. खजिनदारसुद्धा. त्याचा जन्म १९८४चा आहे, हे मी सभासदांच्या यादीत स्वतः टाइप केलंय.

वर्षातला एकच दिवस मला मनापासून आवडतो. १४ मार्च. १९३१ साली त्या दिवशी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला, आणि हिंदी पडद्यावर पहिल्यांदा गाणं ऐकू आलं. आप्पांचं गिरगाव म्हटल्यावर घरात बसून कसं चालेल? आम्ही चर्नी रोडला उतरतो आणि पूर्वी जिथे मॅजेस्टिक होतं तिथे जाऊन उभे राहतो. वाटेत आप्पा दरवर्षी तेच सांगतात. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ, गाड्यांचा आवाज माईकमध्ये यायचा, म्हणून शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर. वादक झाडांमागे नाहीतर कुठल्यातरी आडोशाला लपून वाजवायचे. प्लेबॅक होतं कुठे तेव्हा?

आणि या चित्रपटाची आज एकही प्रत उरलेली नाही. म्हणजे ट्रॅक नाही, पट्टी नाही, बटण नाही. आप्पा घड्याळ बघतात, हात जोडतात, आणि गिरगावच्या फुटपाथवर आम्ही दोघं दोन मिनिटं गप्प उभे राहतो. यंदा एका भाजीवाल्यानं आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, तेवढंच.

दोन मिनिटं संपली. आप्पांनी डोळे पुसले.

"जावईबापू, लोकांना कळतच नाही हो आपण इथे काय करतोय. पुढच्या वर्षी तुम्ही तो स्पीकर घेऊन या. शांतता नीट माईकवरून पाळू."