‘दहा टक्के नमुना घ्या’ हा नियम आला कुठून?

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये ‘प्रकल्पाचे सोपे नियम’ असा एक संदेश फिरतोय. माझ्या भाचीने त्यावर विसंबून नमुना ठरवूनही टाकला, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. संदेशातले दावे चार: नमुना समग्राच्या (ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा त्या सगळ्यांच्या) १० टक्के असावा, प्रतिसाद जितके जास्त तितका निष्कर्ष अचूक, ग्रुपवर फिरवलेला गूगल फॉर्म म्हणजे यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा) नमुना, मुलाखती आणि निरीक्षण शास्त्रीय नाहीत.

१० टक्क्यांचा हिशेब करूनच बघा. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी (म्हणजे शंभरपैकी ९५ वेळा उत्तर खऱ्या टक्केवारीच्या फार तर ५ अंक पुढे-मागे यावं) धरली, तर साध्या यादृच्छिक नमुन्याला मोठ्या शहरात सुमारे ३८५ माणसं पुरतात. २ लाख वस्तीत २०,००० जणांमागे धावायची गरज नाही. उलट ५०० कुटुंबांच्या गावात १० टक्के म्हणजे ५०. तिथे त्रुटी १३ टक्क्यांवर जाते. ५ टक्क्यांत राहायचं तर २१८ कुटुंबं लागतात.

जास्त प्रतिसादांनी यादृच्छिक त्रुटी घटते, हे मान्य. पण ती निम्मी करायला नमुना चौपट करावा लागतो, आणि निवडच चुकली असेल तर संख्या काहीही वाचवत नाही. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने कल जाणून घेण्यासाठी सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २४ लाखांच्या आसपास परत आल्या. त्यावरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. प्रत्यक्षात अध्यक्ष रूझवेल्टच ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांमधून, मंदीच्या काळात, म्हणजे खात्यापित्या लोकांचेच! शिवाय उत्तर न देणाऱ्यांचा कलही वेगळा होता, असं पुढच्या विश्लेषणात दिसलं. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने मात्र सुमारे ५०,००० जणांवरून विजेता बरोबर सांगितला.

फिरवलेल्या फॉर्ममध्ये एकतर्फी यादी आणि उत्तर न देणारे गळणं हे दोन्ही दोष आहेत, आणि भर म्हणून एकच माणूस दोनदा भरू शकतो. यादृच्छिक म्हणजे ‘कोणीही चालेल’ नव्हे. प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठाऊक असलेली संधी हवी. त्यासाठी आधी यादी लागते. यादीत १२०० कुटुंबं आणि हवीत २००, तर अंतर ६, म्हणजे दर सहावं घर. १ ते ६ मधली चिठ्ठी काढा. ४ आली तर ४, १०, १६ असं पुढे जा. मजल्यावर सहा सदनिका असतील तर मात्र दर वेळी एकाच कोपऱ्याचं घर येईल, तेव्हा क्रम आधी तपासा. घर बंद असेल तर शेजारच्याला विचारून मोकळं होऊ नका. वेगळ्या वेळी, निदान तीनदा जा. नाहीतर नोकरीवर जाणारे गळतात आणि घरी असणारेच नमुन्यात भरतात.

मुलाखती-निरीक्षणाबद्दलचा दावा फार वेळ देण्यासारखा नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ‘प्रबळ जात’ (गावात संख्या, जमीन आणि सत्ता यांत वरचढ असलेली जात) ही संकल्पना मांडली त्यामागे १९४८ चं म्हैसूरजवळच्या रामपुरा गावातलं क्षेत्रकार्य, म्हणजे तिथे राहून केलेलं निरीक्षण आणि लोकांशी बोलणंच होतं.

फॉर्म आधीच फिरवला असेल, तर पद्धतीच्या प्रकरणात त्याला ‘सोयीचा नमुना’ म्हणा, कोणत्या ग्रुपवर आणि किती दिवस टाकला ते लिहा, आणि ‘शहरातील ६० टक्के तरुण’ अशी वाक्यं काढून ‘उत्तर देणाऱ्यांपैकी’ असं लिहा.